मॉरिशसमध्ये ईस्पोर्ट्स लीग: वाशीत चाचणी, तिथे अंमल. आराखडा तपासून द्या

सेक्टर_१७

मंडळी, थेट कामाचं विचारतो. मॉरिशसमधल्या मराठी मंडळींच्या एका क्लबला तिथे ईस्पोर्ट्सची (व्हिडिओ गेमच्या स्पर्धांची) कायमची लीग सुरू करायची आहे. आराखडा नवी मुंबईतून जाणार आणि चाचणीही इथेच होणार. दिवाळीनंतर वाशीत एका सभागृहात दोन दिवस, ३२ पीसी आणि ८ कन्सोल. इथे पास झालेली नियमावली आणि सामानाची यादी पुढे पोर्ट लुईला जाईल.

कच्चा आराखडा असा. सहा गेम: काउंटर-स्ट्राइक २, व्हॅलरंट, डोटा २, पबजी मोबाइल, टेकन ८ आणि ईए एफसी. जानेवारीत पोर्ट लुईत मोठी उद्घाटन स्पर्धा, घसघशीत बक्षीस. सर्व्हर मुंबईचे. वर्षअखेरीस राष्ट्रीय संघ. दुसऱ्या वर्षी २०० आसनांचं अरेना.

फाडा.

ब्रॅकेटवाली

आधी माणसं मोजा. मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेचीच ११.२ लाख होती. म्हणजे वाशी ते बेलापूर पट्ट्यातून राष्ट्रीय लीग काढण्याइतकं हे काम आहे. नवी मुंबईत सहा गेमच्या सहा लीग दर आठवड्याला भरतील का? नाही भरणार.

एका पाच-पाचच्या गेमसाठी आठ संघ हवेत. संघात पाच आणि एक राखीव, म्हणजे ४८ जण. पण ते ४८ दर आठवड्याला हजर राहायला मागे दीड-दोनशे नोंदणीकृत खेळाडू लागतात, कारण परीक्षा, नोकरीच्या पाळ्या आणि भांडणं चालूच असतात. सहा गेम घेतले की तीच मुलं तीन-तीन संघांत दिसतात, तारखा आदळतात, चौथ्या आठवड्यात वॉकओव्हर सुरू होतात आणि सहाव्याला लीग बंद.

पहिल्या वर्षी एक सांघिक आणि एक एकट्याने खेळायचा गेम घ्या. सांघिक कुठला ते लॅग (इंटरनेटमुळे गेममध्ये होणारा उशीर) ठरवेल, ते रॅकभाऊ सांगतील. एकट्याचा म्हणजे फायटिंग गेम: टेकन ८ किंवा स्ट्रीट फायटर ६. त्याला इंटरनेट लागत नाही, संघ जमवावा लागत नाही आणि ८ कन्सोलवर एका संध्याकाळी ३२ जणांचा निकाल लागतो.

लहान ठिकाणचा दुसरा आजार म्हणजे एकच संघ सगळ्यांना धुऊन काढतो आणि बाकीचे सोडून जातात. त्यावर उपाय पहिल्या हंगामापासूनच दोन विभाग: वरचे आठ, खालचे आठ, हंगामाअखेर दोन वर, दोन खाली. आठ संघांची साखळी म्हणजे २८ सामने, आठवड्याला चार धरले तर सात आठवडे, आठव्याला बाद फेरी. वर्षातून दोन हंगाम सहज बसतात.

रबाळेचा_रॅक

'सर्व्हर मुंबईचे' हे वाक्य आराखड्यातून काढा.

काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर हजार किलोमीटरला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद. हा झाला निसर्गाचा टोल, त्यात कुणीच सवलत देत नाही. मुंबई ते मॉरिशस सरळ रेषेत सुमारे ४,७०० किमी, म्हणजे किमान ४७. प्रत्यक्षात समुद्राखालची सेफ केबल कोचीला उतरते, तिथून जमिनीवरून मुंबई, मध्ये राउटर. त्यामुळे दीडपट ते दुप्पट धरून चला. जोहान्सबर्ग सुमारे ३,००० किमी, म्हणजे किमान ३०. काउंटर-स्ट्राइकला दोन्हीकडे वॉल्व्हचे (गेमच्या मालक कंपनीचे) सर्व्हर आहेत आणि कागदावर दक्षिण आफ्रिका जवळची.

खरा घोळ मार्गाचा असतो. तिथल्या इंटरनेट कंपनीने ट्रान्झिट (बाहेरच्या जगाशी जोडणी) युरोपातून घेतलं असेल, तर मॉरिशसचं पॅकेट पॅरिसला जाऊन मुंबईला येतं आणि पिंग (जाऊन-येऊन लागणारा वेळ) दोनशे मिलिसेकंदांच्या वर. शेजारच्या घरात दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन असेल तर त्याला ऐंशी. एकाच सामन्यात हे दोघे समोरासमोर आले की भांडण ठरलेलं.

म्हणून पहिलं काम: प्रत्येक मोठ्या कंपनीच्या कनेक्शनवरून वीस-वीस घरांतून रात्री ८ ते १० या वेळात ट्रेसराउट (पॅकेटचा मार्ग) आणि पिंग घ्या. एमटीआर नावाचं साधन वापरा, प्रत्येकी किमान ५०० पॅकेट. सरासरीवर विसंबू नका. ९५ वं शतमान (शंभरातली ९५ पॅकेटं ज्याच्या आत येतात तो आकडा) आणि पॅकेट लॉस (हरवलेली पॅकेटं) बघा. सरासरी ६० पण उडी १४० पर्यंत, असं कनेक्शन सलग ९० वाल्यापेक्षा वाईट खेळतं.

दुसरं काम: सर्व्हर बेटावरच ठेवा. मॉरिशसला एमआयएक्सपी हे इंटरनेट एक्स्चेंज (तिथल्या कंपन्यांची जाळी एकमेकांना जोडायची जागा) आहे. तिथे जोडलेल्या कंपनीच्या रॅकमध्ये एक मशीन ठेवलं की देशातल्या बहुतेक घरांना एक आकडी पिंग मिळेल. बेट जेमतेम १,८६५ चौरस किमी आहे आणि घरोघर फायबर पोचलंय. ही त्यांची सगळ्यात मोठी जमेची बाजू, आणि तुमचा आराखडा नेमकी तीच फेकून देतोय.

रॉड्रिग्स बेट ६०० किमीवर आहे, २०१९ पासून मार्स केबलने जोडलेलं. म्हणजे तिथली मुलंही याच सर्व्हरवर नीट खेळू शकतात. रियुनियन तर जेमतेम सव्वादोनशे किमी. मॉरिशस विरुद्ध रियुनियन सामने भरवा, गर्दी आपोआप होईल. फक्त रियुनियन हा फ्रान्सचा भाग, त्यामुळे तिथल्या काही कंपन्यांची वाहतूक पॅरिसमार्गे फिरत नाही ना, हे आधी मोजा.

नेरूळकर

थोडा वेगळा सूर लावतो. साखळी-बिखळी ठीक आहे, पण पैसा कुठून येणार? लहान बेटांनी नाव कमावलं ते मोठे कार्यक्रम बोलावून. आइसलंडची लोकसंख्या चार लाखांच्या आत, तरी २०२१ मध्ये रेक्याविकला व्हॅलरंट मास्टर्स झालं, लीग ऑफ लेजंड्सचं एमएसआय (मिड-सीझन इन्व्हिटेशनल) झालं आणि त्याच वर्षी विश्वविजेतेपदही. माल्टात ईएसएल प्रो लीग झाली. सिंगापूरला २०२२ मध्ये डोटाची दी इंटरनॅशनल. मॉरिशस पर्यटनावर जगणारा देश आहे, हॉटेलं आहेत, भारतीयांना व्हिसाची कटकट नाही. एक मोठा कार्यक्रम केला की प्रायोजक, सरकार, पत्रकार एका फटक्यात मिळतात.

ब्रॅकेटवाली

नेरूळकर, ते कार्यक्रम रायट (व्हॅलरंट आणि लीग ऑफ लेजंड्सची कंपनी), ईएसएल (स्पर्धा भरवणारी कंपनी) किंवा वॉल्व्हने स्वतःची माणसं, स्वतःचं सामान आणून केले. २०२१ चं रेक्याविक करोनामुळे ठरलं, सभागृहात प्रेक्षकही नव्हते. पाहुणे आले, हॉटेलं भरली, पाहुणे गेले. त्यातून स्थानिक पंच तयार होत नाही आणि स्थानिक संघही नाही.

आइसलंडकडून उचलायचं तर दुसरं काही उचला. तिथे नेहमीच्या क्रीडा क्लबांनीच ईस्पोर्ट्सचे विभाग उघडले. मुलांना प्रशिक्षक, ठरलेल्या वेळा, सोबत व्यायाम. पालकांना फुटबॉलच्या क्लबसारखी फी भरून मुलगा पाठवता येतो. मॉरिशसमध्येही फुटबॉल क्लब आणि कॉलेजं आहेत, तिथल्या संगणक कक्षात आठवड्यातून दोन संध्याकाळी एवढीच सुरुवात हवी.

बक्षिसाबद्दलही बोलते. पहिल्याच स्पर्धेत मोठी रक्कम ठेवली की परदेशी आयडीवरून भाडोत्री खेळाडू येतात, वयाचे दाखले खोटे निघतात आणि दुसऱ्या स्पर्धेला रक्कम कमी झाली की 'आयोजकांनी खाल्ले' अशी बोंब. शंभर रुपये असतील तर चाळीस पंच आणि तांत्रिक माणसांना, पंचवीस नेटवर्क-विजेला, पंधरा प्रक्षेपणाला, दहा शाळांत फिरायला, दहा बक्षिसाला.

घोडबंदर_लॅग

पीसी-पीसी काय लावलंय सगळ्यांनी? मोबाइल घ्या! पोरांकडे फोन आहेतच, ३२ पीसीचं भाडं वाचेल. पबजी मोबाइलच्या एका लॉबीत १६ संघ, ६४ खेळाडू. एका खोलीत, एका दिवसात सहा सामने. ठाण्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या फेस्टला बघा, मोबाइलच्या टेबलाभोवतीच झुंबड असते.

रबाळेचा_रॅक

मोबाइलला विरोध नाही. पण ६४ फोन एका खोलीत वायफायवर घेतले की काय होतं ते ऐका.

२.४ गिगाहर्ट्झ पूर्ण बंद करा. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, आणि प्रेक्षकांचे हॉटस्पॉट तेच खातात. ५ गिगाहर्ट्झवर चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, ८० नको. गेमला वेग लागतोच कुठे, एका फोनला काही शे केबीपीएस पुरतात. हवेची वेळ वाटून मिळणं महत्त्वाचं. १६ फोनमागे एक अ‍ॅक्सेस पॉइंट (एपी, वायफाय देणारा डबा), म्हणजे चार. चॅनल ३६, ४४, १४९, १५७. ट्रान्समिट पॉवर कमी करा, नाहीतर चारही एकमेकांवर ओरडत बसतील आणि फोन लांबच्या एपीला चिकटून राहतील.

मधले ५२ ते १४४ हे डीएफएस चॅनल टाळा. रडारचा सिग्नल ऐकू आला की एपीला ते चॅनल सोडावंच लागतं, आणि सामन्याच्या मध्यात १६ जण एकदम बाहेर. आता नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यावर वाशी-नेरूळ-उलव्यात हे जास्तच लक्षात ठेवा. मॉरिशसमध्ये कुठले चॅनल खुले आहेत ते तिथल्या नियमांनुसार बघून एपीचा देश-कोड बदला. इथला कोड ठेवून तिथे चालवू नका.

अंतिम फेरीला यूएसबी-सी ते लॅन अडॅप्टर लावा. बहुतेक फोनवर चालतात, पण प्रत्येक मॉडेल आदल्या दिवशी लावून बघायचं. चार्जिंगही त्यातूनच जाईल असा अडॅप्टर घ्या.

ब्रॅकेटवाली

मोबाइलची भर: ९० एफपीएसवाला (सेकंदाला ९० चित्रं दाखवणारा) फोन आणि ६० वाला फोन एकत्र खेळले की तक्रार येतेच. सगळ्यांना ६० वर बांधा, टॅबलेट बाद. चार्जिंगला लावून खेळल्यावर फोन तापतो, प्रोसेसर आपला वेग उतरवतो आणि शेवटच्या वर्तुळात फ्रेम पडतात. दोन सामन्यांमध्ये १५ मिनिटं, त्यात चार्जिंग आणि कव्हर काढून पंख्यासमोर. फ्रीजमध्ये ठेवायची हुशारी कुणी केली तर थांबवा, दमट हवेत आत पाणी धरतं.

आणि भारतात चाचणीला पबजी मोबाइल चालणार नाही, २ सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. इथे बीजीएमआय, त्याची भारतीय आवृत्ती. त्यालाही २०२२ च्या जुलैत बाहेरचा रस्ता दाखवला होता, २०२३ च्या मे महिन्यात परत आला. एका गेमवर सगळी लीग टांगली की हे होतं. एका सकाळी गेमच नसतो.

फेज_न्यूट्रल

वागळे इस्टेटमधून मांडव-लाइट-साउंडवाल्यांना वीज जोडून देणं हा धंदा, म्हणून फक्त विजेवर बोलतो. ३२ पीसी म्हणजे लग्नाची लायटिंग नव्हे.

खेळताना एक पीसी, मॉनिटर धरून, ४५० वॅट पकडा. १६ अँपिअरच्या सर्किटवर २३० व्होल्टला ३,६८० वॅट होतात, पण तासन्‌तास चालणाऱ्या लोडला ऐंशी टक्केच, म्हणजे २,९४० च्या आसपास. त्यात सहा पीसी बसतात, सातवा बसत नाही. ३२ ला सहा सर्किट. तिन्ही फेजवर दोन-दोन वाटा.

न्यूट्रल बारीक ठेवू नका. संगणकाचे पॉवर सप्लाय तिसरा हार्मोनिक (५० हर्ट्झच्या तिप्पट वारंवारतेचा करंट) टाकतात आणि तो तिन्ही फेजचा न्यूट्रलमध्ये रद्द न होता बेरीज होतो. फेज संतुलित असूनही न्यूट्रल गरम लागतो तो यामुळे. न्यूट्रल किमान फेजच्या जाडीचा घ्या, निम्म्या जाडीचा चालवून घेऊ नका. तो सुटला की काही पीसींवर व्होल्टेज चारशेकडे जातं आणि धूर निघतो.

आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच): प्रत्येक पॉवर सप्लायचा थोडा करंट अर्थमध्ये गळतोच, मिलिअँपिअर-दीड मिलिअँपिअर. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो. सगळे ३२ एकाच आरसीसीबीवर घातले की तो कारण नसताना पडतो, मग वायरमन वैतागून तो बायपास करतो. तसं होऊ देऊ नका. प्रत्येक सहा पीसीला स्वतंत्र आरसीसीबी, प्रश्न मिटला. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नाहीच, खेळ थांबवा.

जनरेटर: पीसींचे १४.४ किलोवॅट, त्यात प्रक्षेपण, नेटवर्क, दिवे मिळून ४, असे साडेअठरा. ४० केव्हीएचा डीजी (डिझेल जनरेटर, साधारण ३२ किलोवॅट) घ्या, सत्तावन्न-अठ्ठावन्न टक्क्यांवर आरामात चालेल. एसी यात धरलेला नाही, तो सभागृहाच्या लाइनवर. महावितरणची लाइट गेल्यावर डीजी अंगावर लोड घेईपर्यंत काही सेकंद जातात. तेवढ्यासाठी सगळ्या पीसींना यूपीएस देणं परवडत नाही. ३ केव्हीएचे दोन ऑनलाइन यूपीएस: एक सर्व्हर आणि स्विचला, दुसरा प्रक्षेपणाला. पीसी बंद पडले तरी सर्व्हर जिवंत असेल तर सामना त्याच फेरीपासून पुढे नेता येतो.

थंडावा: १४.४ किलोवॅट वीज म्हणजे तेवढीच उष्णता, चार टनांच्या वर. शंभर माणसं म्हणजे आणखी जवळजवळ तीन टन. भिंती-छताचं धरून दहा टनांखालचं सभागृह घेऊ नका.

मॉरिशसला व्होल्टेज आपल्यासारखंच, २३० आणि ५० हर्ट्झ. पण भिंतीतले सॉकेट ब्रिटिश तीन चौकोनी पिनांचे आणि युरोपियन दोन गोल पिनांचे असे मिसळलेले. इथून स्पाइकगार्ड पाठवाल तर प्लग तिथे बदलून घ्या. ट्रॅव्हल अडॅप्टरवर सहा पीसी लावणारे महाभाग असतात.

सेक्टर_१७

फेजसाहेब, हे छापून सभागृहवाल्याला देतो.

रॅकभाऊ, दोन प्रश्न. व्हॅलरंटचा सर्व्हर बेटावर ठेवता येईल का? आणि ३२ पीसींवर गेम उतरवून घ्यायला किती वेळ धरू?

रबाळेचा_रॅक

व्हॅलरंटचा नाही. कस्टम सामनासुद्धा रायटच्याच सर्व्हरवर होतो. म्हणजे बेटावर अंतिम सामना चालू आहे, दोन्ही संघ एकाच खोलीत आहेत, आणि प्रत्येक गोळी समुद्र ओलांडून येते. केबल तुटली की सामना गेला. शिवाय त्याचा व्हॅनगार्ड (फसवणूक पकडणारी प्रणाली) विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षा सोयी मागतो, भाड्याच्या जुन्या पीसींत एकेकाचं बायोस उघडत बसावं लागतं.

काउंटर-स्ट्राइक २ चा सर्व्हर मात्र स्वतःचा ठेवता येतो, म्हणून सांघिक गेम तोच. लिनक्सचं मशीन, स्टीमसीएमडी या वॉल्व्हच्या डाउनलोड साधनाने अ‍ॅप ७३० उतरवायचा, शंभर जीबी मोकळी जागा. एका सामन्याला दोन कोर धरा. यूडीपी पोर्ट २७०१५ पासून पुढे, प्रत्येक सामन्याला वेगळा. लीगसाठी इंटरनेटवर उघडा सर्व्हर असेल तर वॉल्व्हचा सर्व्हर टोकन लागतो, सभागृहातल्या लॅनवर नाही. सामना चालवायला काउंटरस्ट्राइकशार्पवर मॅचझी हे प्लगइन (सर्व्हरला लावायची जोड): नाइफ राउंड (बाजू ठरवणारी सुऱ्यांची फेरी), पॉज, फेरी मागे घेणं, डेमो नोंदणी सगळं त्यात.

इथे नेहमी गचकतं ते असं. स्पर्धेच्या सकाळी वॉल्व्ह अपडेट सोडतं. पीसी आपोआप अपडेट होतात, सर्व्हर जुनाच, कुणालाच जोडता येत नाही. घाईघाईत सर्व्हर अपडेट केला की प्लगइन मोडतं. म्हणून आदल्या रात्री सर्व पीसी अपडेट करून स्टीम (वॉल्व्हचा गेम चालवणारा प्रोग्रॅम) ऑफलाइन, सर्व्हरची एक पूर्ण प्रत बाजूला, आणि प्लगइनशिवाय हाताने सामना चालवायच्या आज्ञा छापून पंचाच्या टेबलावर.

डाउनलोडचा हिशोब: एका पीसीला ६० जीबी, १०० एमबीपीएसच्या लाइनवर ८० मिनिटं. ३२ पीसी म्हणजे जवळपास ४३ तास. एक जुनं मशीन घ्या, २ टीबी एसएसडी टाका, लॅनकॅश (उतरवलेला गेम साठवून खोलीतच वाटणारी प्रणाली) चढवा आणि डीएनएस त्याच्याकडे वळवा. पहिला पीसी इंटरनेटवरून उतरवेल, बाकीचे ३१ खोलीतूनच. कॅशला स्विचकडे १० गिगाबिटची तार दिली तर पहिल्यानंतर तासाभरात बाकीचे सगळे तयार. सगळं इंटरनेट केबलींवर तरंगणाऱ्या देशात हे खोकं कायमचं कामाला येतं.

स्विच: २४ पोर्टचे दोन मॅनेज्ड गिगाबिट. खेळाडू, प्रक्षेपण, प्रेक्षकांचं वायफाय असे तीन व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी केलेली जाळी). प्रेक्षकांना खेळाडूंच्या व्हीलॅनमध्ये घालायची सवलत प्रायोजकाच्या मुलालाही नाही.

घोडबंदर_लॅग

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

कोपरीचा_वकील

कायद्याचं बघून घ्या, नंतर धावाधाव नको.

भारतात डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेने बहुक्रीडा स्पर्धांमधला ईस्पोर्ट्स क्रीडा खात्याकडे आला. ऑगस्ट २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा पैशांवरचे खेळ बंद करतो आणि ईस्पोर्ट्सला वेगळं मानतो. त्याच्या व्याख्येत मान्यता आणि नोंदणीची अट आहे, ती वाशीच्या स्पर्धेला कशी लागू पडते ते जाहिरात करण्याआधी बघून घ्या. प्रवेश फी चालते, पण ती स्पर्धेत उतरण्यासाठी किंवा व्यवस्थेच्या खर्चासाठी. खेळाच्या कामगिरीवर बक्षीस चालतं. पैज चालत नाही. त्यामुळे 'सगळ्यांनी पाचशे काढा, जिंकेल त्याने घ्या' असलं काही नको. बक्षीस प्रायोजकाकडून, फी वेगळ्या खात्यात, दोन्हींच्या पावत्या वेगळ्या.

अल्पवयीन मुलांची माहिती घेताना आपल्या २०२३ च्या कायद्यात १८ खाली पालकांची संमती, मॉरिशसच्या २०१७ च्या माहिती संरक्षण कायद्यात १६ खाली. अर्जाचा एकच नमुना करायचा तर १८ धरा. शाळांत जाणार असाल तर वयाचं वर्गीकरण बघा: काउंटर-स्ट्राइक शाळेच्या मुख्याध्यापकांसमोर ठेवू नका. ईए एफसी किंवा रॉकेट लीग सगळ्या वयांना चालतात.

गेम मात्र कंपनीच्या मालकीचा असतो. क्रिकेटची स्पर्धा भरवायला कुणाचा परवाना लागत नाही, इथे लागतो. बहुतेक प्रकाशकांचे (गेम काढणाऱ्या कंपन्यांचे) लहान स्पर्धांसाठी खुले नियम असतात: बक्षिसाची मर्यादा, प्रायोजक कुठले चालतात, तिकीट लावता येतं का. त्या चौकटीबाहेर गेलात की लेखी परवाना. ती मर्यादा बदलत राहते, म्हणून स्पर्धेच्या तारखेचं पान जतन करून फाइलला लावा.

आता महासंघ. आंतरराष्ट्रीय पातळीवर दोन संस्था: बुसानची आयईएसएफ (इंटरनॅशनल ईस्पोर्ट्स फेडरेशन), २००८ ची, आणि सिंगापूरची ग्लोबल ईस्पोर्ट्स फेडरेशन, २०१९ ची. लहान देशांत काय होतं? दोन गट दोन संस्थांकडे जातात, दोन लेटरहेड, दोन 'राष्ट्रीय संघ', खेळाडू शून्य. त्यामुळे आधी लीगचा एक हंगाम, मग त्यात खेळलेल्या क्लबांनीच महासंघ स्थापन करायचा, घटनेत खेळाडूंचा निवडून आलेला प्रतिनिधी, अध्यक्षाला दोनच कार्यकाळ. ऑलिंपिककडे डोळे लावून संस्था काढू नका. आयओसी (आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती) आणि सौदी अरेबियाचा २०२४ मध्ये जाहीर झालेला बारा वर्षांचा ईस्पोर्ट्स करार २०२५ मध्येच संपला.

नेरूळकर

बरं, मोठा कार्यक्रम तूर्त मागे घेतो, पण प्रक्षेपण तरी नीट करा, प्रायोजक तेच बघतो. १०८०पी ६० फ्रेमला ६ एमबीपीएस. त्यासाठी अपलोड किमान १० ची स्वतंत्र लाइन, खेळाडूंची नको. ओबीएसमध्ये (प्रक्षेपणाचा प्रोग्रॅम) एनव्हीईएनसी (ग्राफिक्स कार्डावरचं एन्कोडिंग), कीफ्रेम २ सेकंद. मोबाइल डोंगल जोडून ठेवा, लाइन गेली तर ७२०पीवर उतरून चालू राहील. समालोचन मॉरिशियन क्रिओलमध्ये, इंग्रजीत नको. अंगणवाडीपासून आजीपर्यंत सगळ्यांना तीच कळते.

ब्रॅकेटवाली

आणि प्रक्षेपण किमान दोन मिनिटं उशिरा सोडा. घरून खेळणाऱ्या लीगमध्ये तर नक्कीच, नाहीतर समोरचा संघ कुठे लपलाय ते यूट्यूबवर बघून मारतात.

वाशीच्या चाचणीचं वेळापत्रक. ३२ पीसी म्हणजे एका वेळी तीन सामने आणि दोन राखीव पीसी. निरीक्षकाचा (प्रक्षेपणासाठी सामना दाखवणाऱ्याचा) पीसी यात धरू नका. १६ संघांची स्विस (सारख्या निकालाचे संघ समोरासमोर, तीन विजयांना पुढे, तीन पराभवांना बाहेर) घ्याल तर ३३ सामने होतात, तीन-तीन घेतले तरी ११ खेपा, दोन दिवसांत कोंबता येणार नाहीत. आठ संघ, चार-चारचे दोन गट, दोन पराभवांना बाहेर: दहा सामने, पाच खेपा. खेपेला ७५ मिनिटं धरा, कारण सामना ४० मिनिटांचा असला तरी माउस-कीबोर्ड लावणं, हेडफोन, 'माझी सेटिंग गेली' यात अर्धा तास जातो. पहिला दिवस सव्वासहा तासांत. दुसऱ्या दिवशी उपांत्य दोन्ही एकदम, मग अंतिम.

टेकन: ३२ खेळाडू, दुहेरी बाद, ६२ सामने, किंवा अंतिम फेरी पुन्हा खेळावी लागली तर ६३. सामन्याला १२ मिनिटं, ८ कन्सोल. भागाकार दीड तास दाखवतो, पण पराभूतांच्या बाजूला आठ फेऱ्या एकामागून एक असतात, त्यामुळे तीन-साडेतीन तास. टीव्ही आणाल तर गेम मोड चालू आहे का बघा, नाहीतर बटण दाबल्यानंतर हालचाल उशिरा दिसते आणि खेळाडू कंट्रोलरला शिव्या देतात.

कंट्रोलरचं मात्र नीट बघा. वायरलेस कंट्रोलर जुन्या कन्सोलशी जोडलेलाच राहतो. खेळाडू सामना हरून उठतो, दुसऱ्या टेबलावर जातो, तिथे बटण दाबतो आणि पहिल्या टेबलावर चालू सामन्यात पॉज येतो. नियमाप्रमाणे पॉज करणाऱ्याने फेरी गमावायची, पण केला कुणी? म्हणून प्रत्येक टेबलावर चिठ्ठी: उठण्याआधी कंट्रोलर अनपेअर करा, आणि सामना वायर लावूनच.

माणसं: मुख्य पंच एक, दर दोन सामन्यांना एक पंच, कन्सोलकडे दोन, निरीक्षक एक, समालोचक दोन, प्रक्षेपण एक, नेटवर्क एक, वीज एक. मुख्य पंचाला निकाल बदलायचा अधिकार फक्त लेखी आणि ३० मिनिटांत. तोंडी निर्णय रात्री इन्स्टावर वेगळ्याच रूपात फिरतात.

सेक्टर_१७

सुधारित आराखडा: काउंटर-स्ट्राइक आणि टेकन. शाळांसाठी वेगळी ईए एफसी, तीही आठवड्याला एकदा. सर्व्हर पोर्ट लुईत. अरेना काढून टाकलं, राष्ट्रीय संघ दुसऱ्या हंगामानंतर. जानेवारीची उद्घाटन स्पर्धाही रद्द, कारण आत्ता लक्षात आलं की तिथे नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत चक्रीवादळांचा मोसम. लीग मेच्या उत्तरार्धात सुरू.

एक राहिलं. सामना लागलेला असताना एखाद्या भागात वीज किंवा इंटरनेट गेलं तर वॉकओव्हर द्यायचा की सामना पुढे ढकलायचा? आणि पंच इथून ऑनलाइन बसले तर चालतील का?

ब्रॅकेटवाली

दोन वेगळे नियम करा. एकाच खेळाडूचं गेलं तर प्रत्येक संघाला पाच मिनिटांचे दोन तांत्रिक पॉज, मग राखीव उतरवा किंवा चौघांनी खेळा. संपूर्ण वस्तीचं किंवा कंपनीचं गेलं आणि दोन्ही कर्णधारांपैकी कुणीही पुरावा दिला, तर मॅचझीमधून त्या फेरीचा बॅकअप ठेवून सामना राखीव रात्री. राखीव रात्र वेळापत्रकात आधीच छापा, दर तिसऱ्या आठवड्यात एक. हवामान खात्याचा चक्रीवादळाचा वर्ग २ चा इशारा लागला की त्या आठवड्याचे सगळे सामने आपोआप पुढे, कुणाला विचारायचं नाही. वादळ मोसमाबाहेर क्वचितच येतं, पण एप्रिलअखेर सराव सामने असतील तर हे कलम हवंच.

इथून पंच बसवायला हरकत नाही, मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागे. तिथले साडेसातचे सामने इथे नऊला सुरू होतील, शेवटचा साडेअकरापर्यंत. पहिले चार आठवडे इथला एक आणि तिथला एक अशी जोडी, पाचव्यापासून मुख्य पंच तिथला. निकालपत्रकावर सही त्याचीच.